‘एसिंक’ला कामाला लावू नका

डिसेंबर आला की म्युझिक ॲप आपल्याला आपलाच हिशोब दाखवतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिशोबात माझ्या यादीत पहिल्या नंबरवर रयुइची साकामोटो होता. त्याचा २०१७ सालचा ‘एसिंक’ हा अल्बम मी वर्षभरात दोनशेहून जास्त वेळा वाजवला होता. मी तो स्क्रीनशॉट ऐटीत स्टेटसला टाकला. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचा रिप्लाय आला, “यातलं एखादं गुणगुणून पाठव ना.” मी रेकॉर्डचं बटण दाबून धरलं आणि काहीच आलं नाही. दोनशे वेळा वाजवून एक ओळसुद्धा नाही! ‘झिंगाट’ मी आयुष्यात ठरवून एकदाही लावलेलं नाही, पण ते मी झोपेतसुद्धा पूर्ण म्हणून दाखवेन.

कारण सरळ होतं. मी तो अल्बम ऐकलाच नव्हता. सकाळी ऑफिसला पोचलं की हेडफोन चढवायचे, नॉइज कॅन्सलेशन चालू, ‘एसिंक’ चालू, मग लॅपटॉप उघडायचा. शेजारी दुसऱ्या टीमचा स्टँडअप, मागे कॉफी मशीन, समोर सेल्सवाल्यांचे कॉल. या सगळ्यात मी साकामोटोची भिंत बांधली होती आणि तिच्याआड बसून बग सोडवत होते. भिंतीकडे कोण बघतं?

माझं भांडण आहे ते या वापराशी. पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आणणाऱ्या या संथ संगीताला आज ‘फोकस’, ‘स्टडी’, ‘डीप वर्क’, ‘स्लीप’ अशी लेबलं लावून आपल्याला गोळीसारखं दिलं जातं. कामाआधी एक, झोपताना एक. त्यात संगीताचं नुकसान आहेच, पण जास्त फसगत आपली आहे. आणि या भांडणात मी निम्मी आरोपी आहे, कारण या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात मी कोड लिहिलाय. त्याबद्दल पुढे सांगते. आधी अल्बम.

साकामोटोला घशाचा कर्करोग झाल्याचं २०१४ मध्ये कळलं. ‘एसिंक’ हा त्यानंतरचा त्याचा पहिला एकल स्टुडिओ अल्बम. आधीचा ‘आउट ऑफ नॉइज’ २००९ चा, म्हणजे मध्ये आठ वर्षं गेलेली. यात चौदा तुकडे आहेत. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या, कधीच न बनलेल्या एखाद्या सिनेमाचं संगीत अशी त्याने या अल्बमची कल्पना केली होती.

नाव वाचून माझ्यासारख्या कोडवाल्यांना हसू येतं. आमच्याकडे ‘एसिंक’ हा रोजच्या भाजीपोळीचा शब्द. सर्व्हरकडून उत्तर यायला वेळ लागतो, तोवर बाकीचं काम अडू नये म्हणून फंक्शनच्या आधी ‘एसिंक’ लिहायचं आणि जिथे उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही तिथे ‘अवेट’. पण आमचं एसिंक नावापुरतंच मोकळं असतं. मागे इव्हेंट लूप मुकादमासारखा यादी घेऊन बसलेला असतो: कोण आलं, कोण राहिलं, कोणाला आता आत सोडायचं. साकामोटोच्या एसिंकमध्ये मुकादम नाही. आवाज आपापल्या गतीने येतात आणि पुढे कुठे भेटायचं हे ठरलेलं नसतं. जगातलं बहुतेक संगीत एकमेकांशी जुळवून घेण्यावर उभं आहे, तर न जुळणारं संगीत करून बघावं, असं तो त्या काळात सांगत होता.

आणि हे सांगणारा माणूस कोण? १९७८ मध्ये हारुओमी होसोनो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्याबरोबर ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ सुरू करणारा. रोलंडचा एमसी-८ सीक्वेन्सर घेऊन यंत्राच्या ठोक्याला ठोका जुळवणारा तो बँड होता. टेक्नोवाल्यांच्या पुढच्या पिढ्या त्यांना मानतात ते उगाच नाही. म्हणजे ‘सिंक’ काय असतं हे या माणसाला आतून माहीत होतं. पंचविशीत ते जिंकून झाल्यावर साठी ओलांडताना त्याने ते सोडलं.

या अल्बममधला एक पियानो मला कधीच विसरता येऊ नये असा आहे, आणि मी तो दोनशे वेळा विसरले. २०११ च्या त्सुनामीत मियागी प्रांतात नातोरी इथल्या एका शेतकी हायस्कूलचा पियानो समुद्राच्या पाण्यात बुडाला. ‘कोडा’ (२०१७) या स्टीफन नोमुरा शिबलेच्या माहितीपटात साकामोटो त्याच्यासमोर बसून एकेक पट्टी दाबून बघताना दिसतो. काही पट्ट्या बोलतात, काही भलतंच बोलतात, काही गप्पच. आधी त्याला ते बुडून मेलेल्या पियानोचं प्रेत वाटलं होतं. नंतर त्याचं मत बदललं. ग्रँड पियानोच्या तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास असतो, लाकूड साच्यात दाबून वळवलेलं असतं. आपण ज्याला सुरात असणं म्हणतो ती खरं तर या लाकडावर आणि लोखंडावर माणसाने केलेली जबरदस्ती आहे. पियानो बेसूर होतो म्हणजे तो माल आपल्या मूळ जागी परत जायला बघतो. त्सुनामीने पियानो बिघडवला नाही, निसर्गाने तो आपल्या पद्धतीने लावला, असं त्याला वाटायला लागलं आणि ते स्वर त्याने ‘एसिंक’मध्ये घेतले.

आपल्याकडच्या लोकांना हा मुद्दा परका वाटायचं कारण नाही. ठोकून पक्के केलेले स्वर चालायचे नाहीत, या वादातून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं हार्मोनियमला बाहेर ठेवलं होतं. बंदी चूक होती असं मला वाटतं, पण कोणीतरी स्वरासाठी इतकं भांडलं होतं. आम्ही कशासाठी भांडतो? ऑटोप्लेमध्ये मध्येच जाहिरात आली म्हणून.

पियानोची आणखी एक अडचण साकामोटोला छळत होती. पियानोचा स्वर वाजला की त्याच क्षणापासून तो मरायला लागतो. व्हायोलिनला गज ओढत राहता येतं, माणसाला दमसास असेपर्यंत ‘सा’ धरता येतो, पियानोवाल्याचा हात एकदा मारून मोकळा. ‘कोडा’मध्ये तो कधीच न विरणाऱ्या स्वराच्या ओढीबद्दल बोलतो. कर्करोगातून उठलेला माणूस हे बोलतोय, हे वेगळं सांगायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक्स इथे येतं. आजकाल पियानोखाली सिंथचा एक मऊ थर अंथरतात, नवीन सोफ्यावर टाकलेल्या चादरीसारखा, तसं ते इथे नाही. पियानोचा आवाज जिथे संपतो तिथून पुढे काय, या प्रश्नावर ते काम करतं.

पहिला तुकडा, ‘आंदाता’, यासाठी ऐकावा. सुरुवातीला एकटा पियानो, चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेसारखी साधी चाल वाजवतो. चाल पूर्ण होते. मग तीच चाल ऑर्गनवर येते आणि तिच्याभोवती खरखर, घासल्यासारखे आवाज गोळा व्हायला लागतात. चाल तीच असते. फक्त आता ती अशा जगात वाजते आहे, जे तिच्यासाठी थांबलेलं नाही. मी हे पहिल्यांदा खरंच ऐकलं तेव्हा मला इस्पितळाच्या कॉरिडॉरची आठवण झाली. आत आपलं माणूस, बाहेर ट्रॉलीची चाकं.

आणि ‘फुलमून’. यात लेखक पॉल बोल्सचा आवाज आहे, ‘द शेल्टरिंग स्काय’ या बर्तोलुचीच्या १९९० च्या सिनेमातून घेतलेला. त्या सिनेमाचं संगीत साकामोटोचंच. आपल्या आयुष्यात आणखी किती वेळा पौर्णिमेचा चंद्र बघायला मिळेल, असा त्या उताऱ्याचा विषय आहे. बोल्सनंतर तोच उतारा वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या आवाजांत येतो, एकावर एक चढतो. आणि मी? मी याच्यावर पुल रिक्वेस्ट रिव्ह्यू करत होते. एक माणूस विचारतोय, किती वेळा उरलेत, आणि मी व्हेरिएबलच्या नावावर कमेंट टाकतेय.

आता कारखाना. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिच्या ॲपमध्ये ‘फोकस’ नावाचा विभाग होता. कंपनीचं नाव घेत नाही, ॲप आता बंदही पडलंय. संगीत बनवून देणाऱ्यांसाठी एक शीट होती, त्यात अटी. माणसाचा आवाज नको. दोन सेकंदांहून लांब शांतता नको, कारण युजरला वाटतं ॲप अडकलं. आवाजाच्या पातळीत एकदम चढउतार नको. आणि चौथी अट: चाल लक्षात राहता कामा नये. पहिल्या तीन अटी तपासणारी स्क्रिप्ट मी लिहिली. चौथी स्क्रिप्टला कळत नाही, म्हणून ती युजरवरून मोजायचो. फोकस सेशन चालू असताना कोणी ‘हे काय वाजतंय’ म्हणून स्क्रीन उघडून तुकड्याचं नाव बघितलं, तर ते आमच्या डॅशबोर्डवर ‘व्यत्यय’ म्हणून लाल रंगात पडायचं. असे लाल ठिपके जास्त पडले की तो तुकडा यादीतून खाली जायचा.

परत वाचा. एखाद्या संगीतकाराचं काम ऐकून कोणाला तरी त्याचं नाव जाणून घ्यावंसं वाटलं, तर आम्ही त्याला शिक्षा करत होतो. मी तो कोड लिहिला, त्याचं डिप्लॉयमेंट केलं, त्या तिमाहीत मला चांगलं रेटिंगही मिळालं.

त्या हिशोबाच्या स्क्रीनशॉटनंतर एका शनिवारी मी ‘एसिंक’ माझ्याच स्क्रिप्टमधून चालवला. ‘फुलमून’ आणि डेव्हिड सिल्व्हियनचं वाचन असलेला ‘लाइफ, लाइफ’ आवाजामुळे बाद. शीर्षकाचा तुकडा लालेलाल. ‘आंदाता’ अर्ध्या वाटेवर नापास. म्हणजे ज्या अल्बमवर मी वर्षभर ‘फोकस’ करत होते तो आमच्याच नियमांनुसार फोकसच्या लायकीचा नव्हता. तो सारखा मला हाक मारत होता. मीच ऐकू न येण्याची सवय करून घेतली होती, आणि ती सवय किती पक्की असेल बघा, की बोल्सचा आवाजही तिच्यातून आत आला नाही.

यात नवीन काय, असं कोणी म्हणेल. खरंय, नवीन नाही. अमेरिकेत म्युझॅक कंपनी १९४० च्या दशकापासून हेच विकत होती. कारखान्यांत आणि ऑफिसांत तारेवरून संगीत पाठवायचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे करून त्यात हळूहळू जोर वाढवत न्यायचा, म्हणजे कामगाराची मरगळ जाते आणि हात चालत राहतात. निदान तिथे बिल मालक भरत होता आणि सगळ्यांना माहीत होतं की हे उत्पादनासाठी आहे. आज हेडफोन माझे, सबस्क्रिप्शन माझं, आणि वर समजूत अशी की मी स्वतःची काळजी घेतेय. ओपन ऑफिसमध्ये भिंती घालायच्या नाहीत म्हणून कंपनीचे पैसे वाचतात. ती भिंत मी साकामोटोकडून बांधून घेते, माझ्या खर्चाने. याला वेलनेस म्हणतात.

पैशाचं गणितही बघून घ्या. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो. तिसाव्या सेकंदाला ज्याने तुमचा जीव घेतला तो आणि ज्याने तुम्हाला काहीच केलं नाही तो, दोघांना तोच दर. मग काहीच न करणारं संगीत स्वस्तात, ढिगाने बनवणं हाच धंदा. स्वीडनच्या ‘दागेन्स न्यूहेतेर’ या दैनिकाने २०२४ मध्ये छापलं की योहान रोर नावाच्या एकाच संगीतकाराचे तुकडे साडेसहाशेहून जास्त वेगवेगळ्या नावांनी स्पॉटिफायवर आहेत आणि त्यांचे मिळून पंधरा अब्जांच्या घरात प्ले झालेत. साडेसहाशे नावं! आपल्याला वाटतं आपण आइसलंडचा कोणी, जपानचा कोणी, असे शोधून काढलेले कलाकार ऐकतोय. त्या माणसावर माझा राग नाही, त्याने मागणी तसा पुरवठा केला. पण आता हेच काम एआय फुकटात करायला लागल्यावर संगीतकार गळे काढतायत, तेव्हा मला ती शीट आठवते. आम्ही माणसांकडून आधीच यंत्राचं काम मागत होतो. यंत्र फक्त उशिरा आलं.

संगीतवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. निल्स फ्राम बर्लिनमध्ये रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये जाड लोकरी कापड घालायचा. त्यातून २०११ मध्ये ‘फेल्ट’ हा अल्बम आला, ज्यात लाकडाची करकर आणि हातोड्यांची धडपड इतकी जवळून ऐकू येते की आपण पियानोच्या पोटात बसलोय असं वाटतं. एका माणसाच्या शेजारधर्मातून आलेला आवाज होता तो. आज ‘फेल्ट पियानो’ हे प्लगइन आहे. करकरसुद्धा वेगळ्या बटणाने कमी-जास्त करता येते. आणि हजारो लोक त्यावर तेच चार कॉर्ड वाजवून तुकड्याला ‘विंटर’ नाहीतर ‘स्टिलनेस’ असं नाव देतायत.

माझ्या फ्लॅटमेटने हा लेख अर्धा वाचून मला तीन गोष्टी सुनावल्या. तिन्ही खऱ्या आहेत, म्हणून इथे घेते.

पहिली, ब्रायन ईनो. ‘ॲम्बियंट’ हा शब्द रूढ करणारा माणूस १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढतो आणि त्याबरोबरच्या टिपणात लिहितो की हे संगीत दुर्लक्ष करण्याजोगंही असावं. मग तू कोण? बरोबर. पण ईनोने त्याच वाक्यात ते तितकंच रस घेण्याजोगं असावं असंही म्हटलंय, आणि म्युझॅकवाले संगीतातून शंका, अनिश्चितता काढून टाकतात, मी ती ठेवणार, असंही त्याच टिपणात आहे. आमच्या शीटने त्या वाक्याचा अर्धाच भाग कॉपी-पेस्ट केला. एरिक सातीचा किस्सा तर मला दोन्ही बाजूंनी आवडतो. १९२० मध्ये पॅरिसच्या एका गॅलरीत मध्यंतरात त्याने आपलं ‘फर्निचर संगीत’ वाजवलं, खुर्च्या-टेबलांसारखं, लक्ष देऊ नये असं. तर लोक गप्प बसून ऐकायला लागले, आणि साती त्यांच्यात फिरून सांगतोय, बोला, चाला, ऐकू नका! शंभर वर्षांपूर्वी माणसांना संगीत कानावर पडल्यावर न ऐकणं जमत नव्हतं. आम्हाला ते किती छान जमतं.

दुसरी, खुद्द साकामोटो. न्यू यॉर्कमध्ये ‘काजित्सु’ नावाचं जपानी रेस्टॉरंट होतं. त्याला तिथलं जेवण आवडायचं पण तिथे वाजणारं संगीत सहन होईना, म्हणून त्याने शेफला कळवलं की मीच यादी करून देतो. पैसे घेतले नाहीत. म्हणजे त्यानेही पार्श्वसंगीत केलंच की! केलं. पण कसं, ते बघा: भिंतींचा रंग, उजेड, फर्निचर बघून ही जागा उजळ आहे, गडद संगीत इथे शोभणार नाही, असा विचार करून. एका खोलीसाठी, तिथे जेवणाऱ्या माणसांसाठी. त्याने पार्श्वसंगीत इतकं लक्ष देऊन ऐकलं की त्याला त्या जागी जेवता येईना. माझं म्हणणं त्याच्याइतकं कोणीच सिद्ध केलेलं नाही.

तिसरी गोष्ट जास्त टोचली. “तू दमलेल्या माणसाला आणखी एक काम सांगतेस,” ती म्हणाली. “दिवसभर दहा तास काम, दोन तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, आणि आता गाणंसुद्धा अभ्यास करून ऐकायचं?” यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. कांदा चिरताना गाणी लावावीतच. सवाईला अर्धी गर्दी बटाटेवड्याच्या स्टॉलवर असते आणि मागून मारवा येत असतो, त्याने कोणाचं बिघडलेलं नाही. झोप येत नसेल तर मॅक्स रिख्टरने २०१५ मध्ये आठ तासांहून लांब ‘स्लीप’ झोपणाऱ्यांसाठीच लिहून ठेवलंय, ते लावा. माझा आक्षेप एवढाच आहे की या एका प्रकारच्या संगीतापुढे आपण कामाशिवाय कधीच बसत नाही. मारवा स्टॉलवर ऐकणारा माणूस वडा संपवून मांडवात परत जातो. आपण मांडव कुठे आहे हेच विसरलोय. आणि दमणूक खरी असेल, तर तिचं कारण हेडफोनच्या बाहेर आहे. ते बाहेरच भांडून सोडवायला हवं.

माझ्यापुरतं मी इतकं केलं: साकामोटो ऑफिसच्या फोनवरून काढला. ऑफिसमध्ये आता इअरप्लग घालते, मेडिकलमध्ये मिळणारे, नारिंगी. एचआरला भिंतींबद्दल मेल टाकला, त्याला उत्तर आलं की ‘कोलॅबरेशन कल्चर’. दुसरा मेल टाकलाय.

गेल्या रविवारी हॉलमध्ये स्पीकरवर त्याचा ‘ट्वेल्व्ह’ लावला. तो १७ जानेवारी २०२३ ला, त्याच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी आला. २८ मार्चला तो गेला. बारा तुकडे, नावांच्या जागी नुसत्या तारखा. आजारपणात, थोडं बळ आलं की डायरी लिहावी तसे वाजवलेले. सिंथ, पियानो आणि मधे मधे त्याचा श्वास. एडिट करून सहज काढता आला असता, त्याने ठेवलाय. फ्लॅटमेट किचनमध्ये कुकर लावत होती. तिथून ओरडली, “कोण धापा टाकतंय गं?”

“वाजवणारा,” मी म्हटलं.

ती दारात येऊन उभी राहिली, हातात पळी तशीच. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाल्यावर आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आली.